युनिटचा दर नाही, वर्षाचं बिल बघा : घरची वीज निवडताना

ऑडिओ ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीच आहे की या भागात आकडे जरा जास्त आहेत. आणि लोकलमध्ये एका हाताने दांडी पकडून आकडे ऐकणं म्हणजे शिक्षाच. म्हणून ही लेखी आवृत्ती. थोडी साफसूफ केली आहे, बाकी बोलणं तेच आहे.

विषय वीजबिलाचा. मोबाईलचा प्लॅन निवडताना आपण अर्धा तास घालवतो. दीड जीबी की दोन जीबी, २८ दिवस की ८४ दिवस. आणि घरचं वीजबिल? आलं, यूपीआयने भरलं, विसरलो. उन्हाळ्यात मात्र तेच बिल मोबाईलच्या वर्षभराच्या रिचार्जएवढं येतं.

मी गोरेगावात दोन मित्रांबरोबर भाड्याने राहतो. बिलाचे तीन वाटे होतात. आईबाबा साताऱ्याला, तिथे महावितरण, आणि बिल बाबांच्या पेन्शनमधून जातं. त्यामुळे दोन्ही बाजूंची बिलं माझ्या फोनमध्ये येतात. कोडिंग हा पेशा असल्याने बिल समोर आलं की मला ते फंक्शनसारखं दिसतं : आत युनिट जातात, बाहेर रुपये येतात. हे फंक्शन सरळ रेषेतलं नाही, आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते.

आधी हे बघा : तुम्हाला कंपनी निवडता येते का?

भारतात बहुतेक ठिकाणी घरगुती ग्राहकाला वीज कंपनी निवडता येत नाही. महाराष्ट्रात मुंबईचा काही भाग सोडला तर जवळपास सगळीकडे महावितरण आहे. गोव्यात सरकारचं वीज खातं. तिथे 'कोणाकडून घेऊ' हा प्रश्नच येत नाही.

मुंबईची गोष्ट वेगळी. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागात बेस्ट आहे. भांडुप-मुलुंडला महावितरण. आणि वांद्र्यापासून मीरा-भाईंदरपर्यंत, तसंच पूर्व उपनगरांच्या मोठ्या भागात दोन परवानाधारक आहेत : अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर. इथे घरगुती ग्राहकालासुद्धा निवड करता येते.

हे झालं कसं? २००३ च्या वीज कायद्यात एकाच भागात एकापेक्षा जास्त वितरण परवानाधारक असण्याची तरतूद आहे. टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै २००८ मध्ये निकाल टाटांच्या बाजूने लागला. पण घरोघरी तारा तर तेव्हाच्या रिलायन्सच्या होत्या. ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मार्ग काढून दिला : तार एकाची, वीज दुसऱ्याची. पुढे २०१८ मध्ये रिलायन्सचा मुंबईतला वीज व्यवसाय अदानींकडे गेला. आपण आज बघतो ती जोडी तिथून.

चेंजओव्हर आणि स्विचओव्हर

हे दोन शब्द सारखे वाटतात, पण अर्थ वेगळा आहे.

चेंजओव्हर म्हणजे तार जुन्याच कंपनीची, पुरवठादार नवा. स्विचओव्हर म्हणजे नवी कंपनी स्वतःची तार तुमच्या इमारतीपर्यंत आणते आणि तुम्ही तिच्या जाळ्यावर जाता.

मोबाईल नंबर पोर्ट केला की टॉवर बदलतो, म्हणून रेंज बदलते. चेंजओव्हरमध्ये टॉवर तोच राहतो. तेव्हा 'इथे फार लाइट जाते, कंपनी बदलू' असं कोणी म्हणत असेल, तर आधी विचारा : तार बदलणार आहे का? तार तीच असेल तर पावसाळ्यात केबलमध्ये पाणी गेल्यावर अंधारही तोच असणार. आणि विजेच्या दर्जाचा तर प्रश्नच नाही. ग्रिड सगळ्यांचं एकच आहे.

पैशांच्या दृष्टीनेही फरक आहे. चेंजओव्हरमध्ये तार वापरल्याचा मोबदला, म्हणजे वहन आकार, तार ज्याची त्याच्या दराने लागतो. वर आयोगाने ठरवलेले अधिभार लागू शकतात, उदाहरणार्थ क्रॉस-सबसिडी अधिभार. नव्या कंपनीच्या जाहिरातीत फक्त तिचा वीज आकार दिसतो. म्हणून कंपनीला नेमका प्रश्न विचारायचा : 'माझ्या पत्त्यावर चेंजओव्हर होईल की स्विचओव्हर, आणि त्यानुसार मला लागू होणारे सगळे आकार कोणते?' उत्तर लेखी घ्या, ईमेलवर.

बिलात नक्की काय काय असतं?

बिल हातात घ्या. किंवा पीडीएफ उघडा.

स्थिर आकार : एकही युनिट वापरलं नाही तरी लागतो. काही कंपन्यांत हाही वापराच्या स्लॅबनुसार बदलतो.

वीज आकार : विजेची किंमत. स्लॅबनुसार.

वहन आकार : वीज तुमच्यापर्यंत पोचवण्याचे पैसे. दर युनिटमागे.

इंधन समायोजन आकार : कोळसा किंवा विकत घेतलेली वीज महागली-स्वस्त झाली की त्याचा फरक. हा महिन्यागणिक बदलू शकतो.

वीज शुल्क : राज्य सरकारचा कर. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला १६ टक्के.

आता गंमत बघा. व्हॉट्सॲपवर 'ही कंपनी स्वस्त, ती महाग' असे जे फोटो फिरतात त्यात बहुतेक वेळा फक्त दुसरी ओळ असते. वीज आकार आणि वहन आकार नेहमी बेरीज करूनच तुलना करायची. एका कंपनीचा वीज आकार कमी आणि वहन आकार जास्त असू शकतो, खिशातून जाणारा रुपया मात्र एकच असतो.

स्लॅबची भीती

आमच्या सोसायटीत एक काका ठामपणे सांगतात, '३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महाग दराने लागतं.' तसं नाही. महाराष्ट्रात स्लॅब इन्कम टॅक्ससारखे चालतात. ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. तुमचे पहिले १०० युनिट कायम पहिल्याच दराने. ३०१ वं युनिट तेवढं तिसऱ्या दराने. (स्थिर आकार स्लॅबनुसार बदलत असेल तर तेवढी एक छोटी उडी बसते, बस.)

एक गोष्ट मात्र तपासा : बिलाचे दिवस. मीटर रीडिंग उशिरा झालं आणि ६० दिवसांचं एकत्र बिल आलं, तर स्लॅबही त्या प्रमाणात वाढवून धरलेले असायला हवेत. म्हणजे पहिला स्लॅब १०० नाही, २०० युनिटांचा. तसं दिसलं नाही तर तक्रार करायची, तो तुमचा हक्क आहे.

आता खरा हिशेब

दर दरवर्षी बदलतात, म्हणून मी इथे मुद्दाम गोल, काल्पनिक आकडे घेतोय. दोन कंपन्या धरू, 'क' आणि 'ख'. खालच्या दरांत वीज आकार अधिक वहन आकार दोन्ही आहेत. स्थिर आकार दोघांचाही १०० रुपये.

'क' कंपनी : पहिले १०० युनिट ६ रुपये, पुढचे २०० युनिट ९ रुपये, त्यापुढचे २०० युनिट १० रुपये, ५०० च्या वर ११ रुपये.

'ख' कंपनी : तेच स्लॅब, दर ५ रुपये, साडेआठ रुपये, १२ रुपये, १४ रुपये.

म्हणजे 'ख' खाली स्वस्त, वर महाग. स्थिर आकार सारखाच आहे, तो बाजूला ठेवू.

२०० युनिटला 'क' चे १,५०० रुपये, 'ख' चे १,३५०. 'ख' १५० रुपयांनी स्वस्त.

४०० युनिटला दोघांचेही ३,४००. बरोबरी.

५५० युनिटला 'क' चे ४,९५०, 'ख' चे ५,३००. आता 'ख' ३५० रुपयांनी महाग.

तर मग 'स्वस्त कंपनी कोणती' याचं उत्तर काय? उत्तर आहे : कोणासाठी?

आता एक घर घेऊ. आठ महिने २०० युनिट. मार्च ते जून दोन खोल्यांत एसी, म्हणून चार महिने ५५० युनिट. वर्षाचे एकूण ३,८०० युनिट, महिन्याची सरासरी साधारण ३१७.

बहुतेक लोक काय करतात? सरासरी काढतात आणि दरपत्रकात ३१७ बघतात. तिथे 'ख' महिन्याला जवळपास १६७ रुपयांनी स्वस्त दिसते, म्हणजे वर्षाला २,००० रुपयांची बचत. चला, बदलून टाकू!

थांबा. महिन्याप्रमाणे मांडा. आठ महिने 'ख' दरमहा १५० वाचवते, झाले १,२००. चार महिने 'ख' दरमहा ३५० जास्त घेते, झाले १,४००. वर्षाअखेर 'ख' २०० रुपयांनी महाग. वर १६ टक्के शुल्क धरलं तर २३२.

घर तेच, युनिट तेच, दर तेच. सरासरीने २,००० ची बचत दाखवली, प्रत्यक्षात तोटा. कारण स्लॅबमुळे आलेख वाकडा आहे, आणि वाकड्या आलेखावर आधी सरासरी काढून मग बिल काढलं की उत्तर चुकतं. आधी प्रत्येक महिन्याचं बिल, मग बेरीज. या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

तुमच्या घराचा हिशेब, पाच पायऱ्यांत

एक. मागच्या १२ महिन्यांचे युनिट लिहून घ्या. बऱ्याच बिलांवर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता किंवा आलेख असतो. नाहीतर कंपनीच्या ॲपमध्ये जुनी बिलं मिळतात.

दोन. पुढच्या वर्षी काय बदलणार ते त्यात घाला. लग्न, बाळ, वर्क फ्रॉम होम, गावाहून येणारे आईवडील, नवा एसी. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला ढोबळ १ युनिट धरा. रात्री ८ तास म्हणजे महिन्याला २४० युनिट. मागचं वर्ष जसंच्या तसं घेतलं तर तुम्ही जुन्या घरासाठी कंपनी निवडाल.

तीन. दोन्ही कंपन्यांची दरपत्रकं त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, फॉरवर्ड आलेला फोटो नको. आयोगाचा सध्याचा बहुवार्षिक दर आदेश २०२५-२६ ते २०२९-३० या काळाचा आहे, पण त्यातही प्रत्येक वर्षाचे दर वेगळे असतात आणि फेरआदेशही निघतात. चालू वर्षाचा रकाना बघा.

चार. गूगल शीटमध्ये १२ ओळी, दोन रकाने. प्रत्येक महिन्याचं बिल, मग बेरीज. मी यासाठी वीसेक ओळींचं स्क्रिप्ट लिहिलंय, पण खरं सांगतो, फोनचा कॅल्क्युलेटर पुरतो.

पाच. फरक किती ते बघा. वर्षाला २००-३०० रुपये असेल तर सोडून द्या. इंधन समायोजन आकार थोडा हलला की तेवढा फरक पुसला जातो. फरक दोन-अडीच हजारांच्या वर असेल तर अर्ज करायला हरकत नाही. थकबाकी शून्य हवी, आणि बिल घरमालकाच्या नावावर असेल तर त्यांची संमती लागेल. अर्ज अधिकृत संकेतस्थळावरून किंवा केंद्रातूनच करा. दारावर येऊन 'आत्ता करून देतो, एवढे पाठवा' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. 'मालक सबमीटर लावून युनिटला १४ रुपये घेतात. बरोबर आहे का?'

तपासायची पद्धत सोपी आहे. मुख्य बिलाचा फोटो मागा. एकूण चालू बिल भागिले एकूण युनिट. हा झाला प्रत्यक्ष सरासरी दर. वरच्या 'क' कंपनीत २०० युनिटचं बिल स्थिर आकार आणि शुल्क धरून १,८५६ रुपये होतं, म्हणजे युनिटला साधारण ९ रुपये २८ पैसे. १४ च्या हिशेबाने २,८०० झाले. महिन्याला ९४४ रुपये जास्त. तीन जणांत वाटले तरी प्रत्येकी तीनशेच्या वर.

पण दुसरी बाजूही बघा. मालक आणि तुम्ही एकाच मुख्य मीटरवर असाल, तर दोघांचा वापर एकत्र होऊन वरच्या स्लॅबमध्ये जातो. तेव्हा मालकाला खरंच जास्त दर बसत असतो. भांडायला जाण्याआधी मुख्य बिल बघा आणि त्याच सरासरी दराने वाटणी मागा. आकडा समोर ठेवला की आवाज वाढवावा लागत नाही. नवं घर बघत असाल तर स्वतंत्र मीटर असलेलं घर बघा. पहिल्या दोन स्लॅबचा फायदा पूर्ण तुमचा राहतो.

महावितरणवाल्यांनी काय करायचं?

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, आमचं सातारा... कंपनी बदलता येत नसली तरी बिलात निवडण्यासारखं बरंच काही आहे.

पहिलं, फेज. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो. पूर्वी कधीतरी घेतलेलं थ्री फेज कनेक्शन आज लागतंय का, हे इलेक्ट्रिशियनला भार बघून विचारा.

दुसरं, वेळ. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत सुरू झाली, सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे. आत्ता तुम्हाला किती मिळते ते बिलावर बघा. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर दिवसा हलवून महिन्याला ३० युनिट सरकवले, तर ८० पैशांनी वाचले २४ रुपये. म्हणजे आईला दुपारची झोप मोडून मशीन लावायला सांगण्याइतकं ते मोठं नाही. पण दिवसभर माणसं असलेल्या घरात, पंखे-फ्रिज-एसी मिळून १५० युनिट तसेही दिवसा जात असतील, तर १२० रुपये काहीही न करता मिळतात.

तिसरं, छोट्या सवलती. कागदी बिल बंद करून 'गो ग्रीन' घेतलं की बिलामागे १० रुपयांच्या हिशेबाने सवलत. बिल निघाल्यावर साधारण आठवड्याभरात भरलं तर कर वगळून १ टक्का. बाबांना मी बिल आल्याचं रिमाइंडर लावून दिलंय, बाकी ते शिस्तीने करतात.

चौथं आणि सगळ्यात मोठं, छप्पर. स्वतःची गच्ची असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार, आणि ३ किलोवॉट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. १ किलोवॉट आपल्याकडे महिन्याला साधारण १२० युनिट देतं.

इथे पुन्हा स्लॅब आठवा. सोलरचे युनिट तुमच्या वापरातून वजा होतात, आणि कमी होतात ते वरच्या, महाग स्लॅबचे. ५०० युनिटवाल्या घराला पहिला किलोवॉट सगळ्यात जास्त पैसे वाचवून देतो, दुसरा थोडे कमी, तिसरा आणखी कमी. तेव्हा 'अनुदान मिळतंय ना, मग ३ किलोवॉटच बसवू' असं विक्रेता म्हणाला, तर त्याच्याकडून प्रत्येक किलोवॉटची वेगळी बचत मांडून घ्या. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला ३ किलोवॉटची गरज नसते. आमच्या साताऱ्याच्या घरासाठी मी हाच हिशेब मांडला आणि १ किलोवॉटवर थांबलो.

शेवटी

वीज बदलणं म्हणजे काही क्रांती नाही. वर्षाला दोन-तीन हजार वाचले तर खूप झाले. पण हे पैसे दरवर्षी जातात, आणि हिशेब मांडायला अर्धा तास लागतो. एप्रिलमध्ये नवे दर लागू झाले की १२ ओळींचं ते शीट एकदा उघडायचं, दर बदलायचे, बेरीज बघायची.

तोवर एक गृहपाठ : आज घरचं बिल उघडा, एकूण रक्कम भागिले युनिट करा, आणि येणारा आकडा घरच्या फॅमिली ग्रुपवर टाका. काका लोक काय म्हणतात ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!